पृष्ठसारणी : संगणकाच्या गाभ्याची राखण

दिल्लीतील संरक्षण मंत्रालयाने विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही कार्यप्रणाली स्वीकारण्याचे ठरविल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले. हे नाव मोठे अन्वर्थक आहे. कारण प्रत्येक प्रोग्रॅमला दिसणारे स्मृतीचे पत्ते मुळात आभासीच असतात. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीची सामान्यतः ४,०९६ बाइटांची पृष्ठे पाडतो. कोणते आभासी पृष्ठ प्रत्यक्षात कोठे आहे आणि त्यावर लिहिण्याची मुभा आहे की नाही, याची नोंद पृष्ठसारणीत असते. तीत बदल करण्याचा अधिकार एकट्या कर्नलचा होय.

परंतु ही सारणीही त्याच स्मृतीत वसते. स्मृतीच्या चिपमधील एक ओळ अतिवेगाने वारंवार वाचली, तर शेजारच्या ओळीतील विद्युतभार गळून एखादा बिट पालटू शकतो, हे २०१४ साली संशोधकांनी दाखवून दिले. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी लिनक्सवर त्याचा प्रत्यक्ष वापर केला. त्यांनी प्रथम स्मृती पृष्ठसारण्यांनी भरून टाकली. त्यामुळे पालटलेली नोंद एखाद्या सारणीकडेच वळण्याचा संभव वाढला. तसे घडताच सामान्य प्रोग्रॅमला सारणीवर लिहिता येते आणि सारी स्मृती त्याच्या हाती जाते. कर्नलच्या आज्ञावलीत चूक नसतानाही हे घडते, हे विशेष.

उबुंटूचा गाभाही लिनक्सच आहे. चुका दुरुस्त करणारी स्मृती आणि ओळींचे अधिक वेळा पुनर्भारण या उपायांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून प्रणाली स्वदेशी करताना तिच्याखालच्या चिपचीही पारख अगत्याची ठरते.