मालकीच्या रानाचें संगोपन

कोंकणांत ज्यांचें मूळ घर आहे अशा पुष्कळ कुटुंबांच्या नांवें आंबा-काजूच्या बागेखेरीज डोंगरउताराचा एखादा तुकडाही लागलेला असतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत जें रान आज उभें आहे, त्यांतील बराच मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. त्यामुळें तेथील धनेश, शेकरूं, भेकर, खवले मांजर यांचें भवितव्य वनखात्याइतकेंच आपणां खातेदारांच्या हातीं आहे. आपण मात्र ठेकेदार दारांत आल्याखेरीज त्या तुकड्याची आठवण करीत नाहीं.

ठेकेदार उभें रान उक्त्या रकमेला घेतो. पंधरा-वीस वर्षांनीं तोड होते, लांकूड जळणाला व कोळशाच्या भट्टीला जातें, आणि सातबाऱ्यावरील दहा-बारा हिस्सेदारांच्या हातांवर थोडी थोडी रक्कम पडते. रान पुन्हां फुटतेंच, मग बिघडलें कोठें, असें सुशिक्षित माणसेंही विचारतात. तें अर्धें खरें आहे. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या खुंटांना पावसाबरोबर फुटवे येतात आणि चार वर्षांत डोंगर लांबून हिरवा दिसूं लागतो. पण दर पिढींत तोडलेल्या रानांत सोटे वाढतात, वृक्ष होत नाहींत. आणि वनचरांना जें हवें असतें तें बहुधा जुन्या वृक्षापाशींच असतें.

धनेशाचें उदाहरण घ्या. एवढी भक्कम चोंच असून या पक्ष्याला स्वतः ढोली कोरतां येत नाहीं. जुन्या बेहड्यासारख्या झाडाची आयती ढोली त्याला लागते. मादी आंत शिरते आणि विष्ठा, चिखल यांनीं तोंड लिंपून एक अरुंद फट तेवढी ठेवते. पुढें कित्येक आठवडे तिचा पोशिंदा एकटा नर. तो उंबर, वड, पायर यांचीं फळें आणून फटींतून भरवितो, आणि ज्या बिया वाटेंत टाकतो त्यांतून दूरवर रान उगवतें. अशी ढोली पडण्यास झाडाला कित्येक दशकें लागतात. तें झाड आडवें करण्यास अर्धा दिवस पुरतो. कोळशाच्या हिशेबांत मात्र पोकळ बेहडा जवळजवळ फुकट जातो.

उजाड जमिनीवर पुन्हां रान उभें राहतें काय, अशी शंका घेणारांनीं कर्नाटकांतील कोडगू जिल्ह्याकडे पाहावें. तेथें ब्रह्मगिरीच्या परिसरांत १९९१ सालीं अनिल व पामेला मल्होत्रा या दांपत्यानें ५५ एकर जमीन विकत घेतली. लगतच्या जमिनी घेत घेत पुढें ती सुमारें ३०० एकर झाली. लागवडीचा खटाटोप त्यांनीं फारसा केला नाहीं; तोड व शिकार थांबविली आणि देशी झाडांना आपोआप येऊं दिलें. आज तेथें हत्तीही येतात. आपणांस तर जमीन विकत घ्यावयाची नाहीं. वाडवडिलांनीं ती ठेवलेलीच आहे.

मुख्य काम राखणीचें आहे, लावणीचें नव्हे. आपल्याकडे खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावल्या कीं मनाला समाधान वाटतें. त्या रांगांत धनेशाला खावयास कांहीं नाहीं. त्याऐवजीं गवत वाळूं लागलें कीं हद्दीनें जाळरेषा काढावी, कारण फाल्गुन-चैत्रांत राब भाजतांना सुटलेला एक वणवा दहा वर्षांचीं रोपें खातो. रानमोडी व घाणेरी फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटावी. एका खुंटावर आठ-दहा फुटवे असल्यास दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावे. तेवढें जळण घराला मिळतें. वाळलेलें झाड उभें राहूं द्यावें, पडलेलें कुजूं द्यावें. सुतारपक्ष्याची शिदोरी त्यांतच असते. व्हाळाच्या दोन्ही कांठांस कोयता लावूंच नये. शेकरूं सहसा जमिनीवर उतरत नाहीं, झाडावरून झाडावर उडी घेतें. म्हणून दोन रानांमधील गडग्यावरचीं झाडें तोडलीं तर त्याची वाटच तुटते. लावावयाचेंच असेल तर पावसाळ्याच्या तोंडीं वड व नांदरूक यांच्या जाड फांद्या लावाव्या. (जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘वनस्पति’ हा शब्द फूल दिसल्यावांचून फळणाऱ्या वड-उंबरांनाच योजिलेला आहे; आपण तो गवतापर्यंत खालीं आणला.)

रानडुकरें व वानरें यांचा उपद्रव वाढेल, ही शेजाऱ्यांची तक्रार खोटी नव्हे, आणि ती हंसण्यावारी नेऊं नये. बागेच्या कडेला मोकळा पट्टा ठेवावा व राखणीच्या खर्चांत आपणही वांटा उचलावा.

कायद्याचें थोडें पाहावें लागतें. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वनें (संपादन) अधिनियमानें पुष्कळ खाजगी रानें सरकारजमा झालीं, म्हणून सातबाऱ्यावरील शेरे प्रथम वाचावे. वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें खाजगी जमिनीवरही, मालकाच्या इच्छेनें, ‘समुदाय राखीव क्षेत्र’ जाहीर करण्याची सोय झाली आहे.

पैशाचा प्रश्न टाळतां येत नाहीं. संगमेश्वर तालुक्यांत पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें मालकांशीं करार करून रानें राखण्याचें काम केलें असून, बेहड्याचीं फळें गोळा करून विकण्याची वाटही घालून दिली आहे. तरीही फळांचें उत्पन्न तोडीच्या रकमेची बरोबरी करील असें कोणीं समजूं नये.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत सातबाऱ्यावर अकरा नांवें आहेत. ठेकेदारानें इसार पुढें केला तेव्हां माजघरांत तीन दिवस खल चालला. एका भावाला मुलीच्या शिक्षणासाठीं पैसे हवे होते, आणि ती गरज खरी होती. थोरल्या काकूंचें म्हणणें एवढेंच कीं व्हाळाकडचें रान गेलें तर विहिरीला मे महिना निघणार नाहीं. अखेर वरचा उतार विकला. व्हाळाची बाजू आणि तेथील तीन जुने बेहडे बारा वर्षें न तोडण्याचें सर्वांनीं सह्या करून लिहून ठेविलें. राखणदाराचा पगार आंब्याच्या उत्पन्नांतून जातो. गेल्या उन्हाळ्यांत त्यांपैकीं एका बेहड्याची ढोली लिंपलेली दिसली. कराराचीं चार वर्षें उरलीं आहेत, आणि सर्वांत धाकट्या पुतण्यानें आपला हिस्सा वेगळा करून मागितला आहे.