मुलं मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळतात? पालकांनी आधी हे तपासा

संगमनेर असो वा पाथर्डी, गोळीबाराचे गेम मुलांच्या हातात पोहोचलेत. केंद्रानं २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तिची भारतीय आवृत्ती, बीजीएमआय, आली. तिच्यात १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास खेळता येतं. पण मुलानं वय वाढवून सांगितलं, तर ही मर्यादा लागूच होत नाही. म्हणून गेम सुरू करून देताना शेजारी बसा, खरं वय टाका.

प्ले स्टोअरवर वयोगट बघा. व्हॉइस चॅटवर कोण असतं, विचारा. यूपीआय पिन सांगू नका. मोबाईल हिसकावण्यापेक्षा वेळ आधी ठरवा. झोप, अभ्यास बिघडूनही खेळ सुटत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत सल्ला मिळतो.