कृंतक प्राण्यांचे वर्तन व मेंदूची हानी
बीळ उकरणे, घरटे बांधणे व अन्न साठविणे या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांच्या उपजत सवयी होत. शेताच्या बांधावरील बिळात आढळणारी कणसे हा त्यांचाच पुरावा. या सवयींतील फरक मोजून प्रयोगशाळेत मेंदूच्या हानीचा अंदाज घेतात. अशा चाचण्या ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट डीकन व त्यांचे सहकारी यांनी विकसित केल्या; त्यांची कार्यपद्धती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सु. २० सेंमी. लांबीची, एका टोकास बंद असलेली नळी खाद्याच्या २०० ग्रॅ. गोळ्यांनी भरून पिंजऱ्यात ठेवतात. उरलेल्या गोळ्यांच्या वजनावरून उंदराने किती गोळ्या बाहेर लोटल्या ते कळते. दुसऱ्या चाचणीत दाबलेल्या कापसाचा तुकडा रात्रभर पिंजऱ्यात ठेवून सकाळी घरट्यास १ ते ५ गुण देतात. स्मृतीशी निगडित असलेल्या हिपोकॅम्पस या भागास इजा झालेला उंदीर हिंडूफिरू शकत असूनही ही कामे फार कमी करतो. स्क्रेपी रोगात तर बाह्य लक्षणांपूर्वीच उकरणे मंदावते. या चाचण्यांत विजेचा धक्का वा उपासमार लागत नाही. मात्र वेदना, ज्वर यांमुळेही हे वर्तन घटते. त्यामुळे हानीचे नेमके स्थान ठरविण्यास मेंदूतील ऊतकांची तपासणी आवश्यक असते.