आधी ऐका, मग निकाल द्या

अर्ज फेटाळला गेला, पण साहेबाने समोर बसवून आपले म्हणणे एकदाही ऐकले नाही, याची चीड काय असते हे आमच्या कष्टकरी वाचकांना वेगळे सांगायला नको. चौकशीत न ऐकता निकाल लागला तर नोकरी जाते. परमुलखात आश्रय मागणाऱ्याचे न ऐकले तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून कॅनडातील एका खटल्याची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

मायदेशी आपला छळ होईल, या भीतीने आश्रय मागणाऱ्या सात जणांना नकार मिळाला होता. त्यांत आपल्या देशातून गेलेले शीखही होते. त्या वेळची पद्धत अशी होती : अधिकारी अर्जदाराची शपथेवर जबानी घेई. ते कागद सल्लागार समितीकडे जात आणि मंत्री निर्णय देई. निर्णय देणाऱ्याने अर्जदाराचे तोंडही पाहिलेले नसे. पुढे अपील मंडळ होते. परंतु दावा टिकणार नाही असे कागदांवरून वाटले, तर मंडळही सुनावणीवाचूनच अर्ज निकालात काढी. सरकारने कशाच्या आधारे नकार दिला हेच नीट ठाऊक नसेल, तर माणूस ते खोडून कसे काढणार?

हे सात जण सुप्रीम कोर्टात गेले. ४ एप्रिल १९८५ रोजी सहाही न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांत बर्था विल्सन होत्या, त्या कोर्टातील पहिल्या महिला न्यायमूर्ती. त्यांनी १९८२ च्या हक्कांच्या सनदेवर बोट ठेवले. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क सनदेने 'प्रत्येकाला' दिला आहे, केवळ नागरिकाला नव्हे. माणूस खरे बोलतो की खोटे, यावर निकाल अवलंबून असेल, तर त्याला समोर बसवून ऐकलेच पाहिजे. सुनावणीला खर्च फार येतो, ही सबब त्यांनी मानली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोर्टाने या सातांना आश्रय दिला नाही. त्यांचे ऐकून घेऊन पुन्हा निर्णय करा, असे सांगितले. पण तेवढ्याने सारी पद्धत बदलली. १९८९ साली तेथे निर्वासितांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र मंडळ आले. २०१२ च्या डिसेंबरपासून नकाराविरुद्ध अपिलाचा खास विभाग सुरू झाला. तेथेही नकार मिळाला, तर फेडरल कोर्टाच्या परवानगीने त्या कोर्टात दाद मागता येते.

आपल्या राज्यघटनेच्या २१ व्या कलमातही 'व्यक्ती' हाच शब्द आहे. त्याच कलमाच्या आधारे १९९६ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

नकाराचा कागद हाती आला म्हणजे सारे संपले, असे समजू नये. 'माझे ऐकून घेतले का?' हे विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे, तो माणसाचा हक्क आहे, असे आम्ही मानतो.