अर्थसीच्या समुद्रावर वर्ग नेताना

कादंबरी वर्गात आली की तिच्या पाठोपाठ ठरावीक सामान येते. पात्रांची यादी, कठीण शब्दांचे अर्थ, नायकाचे स्वभावचित्र आणि शेवटी 'या पुस्तकातून तुम्हाला काय शिकायला मिळाले?' हा प्रश्न. कादंबरी अद्भुत असेल आणि तीही समुद्रावरची असेल, तर त्यात नकाशाची भर पडते. रिकाम्या बेटांवर नावे लिहा, नायकाचा मार्ग लाल पेन्सिलीने दाखवा. हे मी स्वतः केलेले आहे. रत्नागिरीत नववीच्या काही मुलांना घेऊन शनिवारी दुपारी उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचायला बसत असे. पुस्तक इंग्रजीतून मोठ्याने वाचायचे आणि बोलायचे मराठीत, असा आमचा करार. पहिल्या वर्षी मी उत्साहाने नकाशाच्या झेरॉक्स वाटल्या. २० मिनिटांत मुलांनी अख्खा समुद्र भरून संपवला आणि विचारले, "बाई, आता पुढे काय?"

पुढे काय, हे मला ठाऊक नव्हते. या लेखातले बरेचसे त्या दुपारनंतर सुचलेले आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्थसी हे शेकडो बेटांचे जग. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर, कासार बापाच्या घरी वाढलेल्या एका आडदांड मुलात जादूची उपजत शक्ती असते. तो आधी ओगिऑन या मितभाषी गुरूकडे आणि मग रोक बेटावरच्या जादूगारांच्या विद्यालयात शिकतो. तिथे जॅस्पर या सहाध्यायाशी लागलेल्या ईर्षेतून एका रात्री मृतात्म्याला बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात येते. मग ती त्याच्या मागे लागते. पुढे ओगिऑनच्या सल्ल्याने तो उलटा फिरतो आणि लहानशा होडीतून तिचा पाठलाग करतो, ज्ञात बेटांच्या पलीकडे, उघड्या समुद्रात. दहा प्रकरणांचे, आटोपशीर पुस्तक आहे. १९६७ मध्ये पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाचे हर्मन शाइन यांनी मोठ्या मुलांसाठी काही लिहा असे सुचवले आणि पुढच्या वर्षी ते बाहेर पडले.

लेखिकेने आधी नकाशा काढला होता. बेटे काढली, त्यांना नावे दिली, आणि मग तिथे काय घडते ते शोधायला ती निघाली. म्हणजे नकाशा हा गोष्टीचा सारांश नव्हता, गोष्टीची सुरुवात होती. आपण वर्गात नेमके उलटे करतो. दुसऱ्या वर्षी मी पुस्तक उघडण्यापूर्वीच कोरे कागद दिले. दहा बेटे काढा, प्रत्येकाला नाव द्या, नावांचा अर्थ लागला नाही तरी चालेल. मग एका बेटावरून दुसऱ्यावर जायला कोणाला काय कारण असेल, ते एका ओळीत लिहा. या कामाला दोन शनिवार गेले. पुढे पुस्तकात बेट आले की मुले विचारू लागली : इथे बंदर आहे का? पाणी कुठून येते? ही माणसे काय खातात? हे प्रश्न कुठल्याही स्वाध्यायात मी घातले नव्हते.

समुद्राविषयीची दुसरी कृती माझी नव्हे, ती मुलांच्या भांडणातून आली. जादूगाराला शिडात वारा भरता येतो, मग गेड प्रत्येक वेळी तसे का करत नाही? पुस्तकात याचे उत्तर आहे, पण ते विखुरलेले आहे. रोकचे गुरुजी सांगतात की एका ठिकाणी पाडलेला पाऊस दुसऱ्या ठिकाणचा दुष्काळ ठरू शकतो. ओगिऑन तर पाऊस परतवत नाहीच. झाडाखाली भिजत पडतो, आणि असल्या गुरूची त्या पोराला लाज वाटते. आम्ही जमाखर्चाची वही केली. डाव्या पानावर गेडने जादूचा वारा बोलावला ते प्रसंग, उजव्या पानावर शक्य असून बोलावला नाही ते. प्रत्येकासमोर त्याची किंमत. पहिल्या प्रकरणांत डावे पान झपाट्याने भरते. पुढे उजवे भरू लागते. 'नायकाचे स्वभावचित्र' म्हणतात ते आपोआप त्या वहीत उतरले होते.

भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे मुलांना पाठ होते, पण ते कादंबरीत शिरतील असे त्यांना वाटले नव्हते. एका मुलाचे आजोबा तांडेल होते. रात्रभर मागून वारा मिळाला तरी सुकाणूवर कोणीतरी जागे लागतेच, हे त्याने सांगितले, आणि शेवटच्या प्रवासात गेडबरोबर त्याचा मित्र वेच का हवा, याचे एक अगदी व्यावहारिक कारण आम्हाला मिळाले. गेड ऐन हिवाळ्यात होडी बाहेर काढतो तेव्हा बेटांवरचे लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जाणती माणसे दर्याला हात लावत नाहीत. त्यामुळे 'ज्या दिवसांत कोणी जात नाही त्या दिवसांत गेलेला माणूस' म्हणजे काय, हे या मुलांना समजावावे लागले नाही. समुद्रापासून दूरच्या गावात ही सोय नसणार. तिथे शिक्षकाला दुसरी वाट काढावी लागेल.

नावांच्या बाबतीत मात्र मराठी घरात वाढलेला कोणताही मूल आधीच अर्ध्या वाटेवर असतो. अर्थसीत प्रत्येकाला दोन नावे. एक हाक मारण्याचे आणि दुसरे खरे, जे अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगायचे, कारण नाव ज्याच्या हाती त्याच्या हाती तुम्ही. तेराव्या वर्षी त्या मुलाचे बालपणीचे नाव त्याची मावशी काढून घेते. तो निनावी होऊन थंड नदी ओलांडतो आणि पलीकडच्या काठावर ओगिऑन त्याच्या कानात पुटपुटतो : गेड. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे, पाळण्यातले वेगळे, घरातली हाक तिसरीच. मी मुलांना घरी जाऊन आपल्या नावाची हकिकत विचारून यायला सांगितले. बहुतेकांनी आणली. एकीने सांगितले की तिचे नावरस नाव आईने कधी उच्चारलेच नाही, आणि ती ते आम्हालाही सांगणार नाही. मी आग्रह केला नाही. कादंबरीतला नियम तिला आमच्यापेक्षा नीट कळला होता.

याच धाग्यातली एक कृती मला विशेष आवडते, कारण ती कंटाळवाणी आहे. रोकच्या एकाकी मनोऱ्यात नामगुरू विद्यार्थ्यांना नावांच्या याद्या देतो. त्या मध्यरात्रीपर्यंत पाठ करायच्या, मग शाई पुसट होऊन कागद कोरा होतो. समुद्रावर सत्ता हवी असेल तर पाण्याच्या थेंबाथेंबाचे नाव ठाऊक हवे, म्हणजेच संपूर्ण समुद्रावर सत्ता कोणालाच मिळणार नाही. मी फळ्यावर होडीच्या भागांची, वाऱ्यांची आणि माशांची चाळीस नावे लिहिली. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हे, नांगर, मग सुरमई, बांगडा, हलवा, मांदेली. तास संपताना फळा पुसला. पुढच्या शनिवारी जितकी उरली तितकी लिहा. चिडचिड झाली. पण विद्येच्या कोरड्या भागावर गेडची जी चिडचिड होते, तिचे वर्णन वाचताना कोणी हसले नाही.

यानंतरची कृती अवघड आहे आणि ती नीट न केल्यास जखम करते. पहिले प्रकरण संपल्यावर गेडचे चित्र काढायला सांगायचे, काही सूचना न देता, आणि चित्रे बाजूला ठेवून द्यायची. त्या प्रकरणात गाँटवर हल्ला करणारे कारगाडचे लोक गोरे आणि पिवळ्या केसांचे आहेत, हे स्पष्ट लिहिलेले आहे. गेडच्या रंगाबद्दल लेखिका घाई करत नाही. तिसऱ्या प्रकरणात वेच भेटतो, तो काळसर वर्णाचा, आणि तिथे कळते की या द्वीपसमूहातले बहुतेक लोक तांबूस तपकिरी आहेत, गेडही. हा उशीर जाणूनबुजून केलेला होता. गोऱ्या वाचकाने आधी नायकात शिरावे आणि मग त्याची कातडी पाहावी, अशी ती युक्ती. रूथ रॉबिन्स यांनी केलेल्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गेड तपकिरी आहे. नंतरच्या किती तरी मुखपृष्ठांवर तो फिकट होत गेला, आणि २००४ मध्ये अमेरिकेतील साय-फाय वाहिनीने मालिका केली तेव्हा गोराच नट घेतला. ले ग्विन यांनी त्यावर जाहीर लेख लिहून संताप व्यक्त केला.

पण आमच्या वर्गात गोरा वाचक कुठे होता? तरीही तिसऱ्या प्रकरणानंतर जुनी चित्रे बाहेर काढली तेव्हा बहुतेक गेड गोरे निघाले; रंगपेटीतला 'स्किन कलर' म्हणतात तो गुलाबी खडू जवळजवळ सगळ्यांनी वापरला होता. लेखिकेची युक्ती इथे वेगळ्याच माणसांवर चालली. खोली शांत झाली. मी त्या शांततेवर व्याख्यान दिले असते तर सगळे बिघडले असते, आणि खरे सांगायचे तर मला सुचलेही नाही. "मग मी त्याला माझ्यासारखा का नाही काढला?" असे एकाने स्वतःशीच विचारल्यासारखे विचारले. चित्र पुन्हा काढायचे की नाही, हे मी त्यांच्यावर सोडले. काहींनी काढले.

मुलींचा प्रश्न याहून थेट होता. रोकच्या विद्यालयात मुली का नाहीत? बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट, अशा म्हणी गाँटवर प्रचलित आहेत आणि १९६८ च्या पुस्तकात त्यांना कोणी हरकत घेत नाही. इथे शिक्षकाने पुस्तकाचा वकील होऊ नये. ले ग्विन स्वतःच १९९० च्या 'तेहानू' या कादंबरीत त्या प्रश्नाकडे परतल्या, एवढे सांगितले की पुरे.

आता सावली. मार्गदर्शके आणि तयार स्वाध्याय इथे सर्वांत जास्त नुकसान करतात. 'सावली म्हणजे युंगने सांगितलेली मनाची काळी बाजू' हे वाक्य पहिल्याच पानावर छापलेले असते. ते चूक आहे असे नाही. १९७५ मधल्या एका निबंधात ले ग्विन यांनीही युंगच्या सावलीविषयी लिहिले; मात्र कादंबरी लिहिताना युंग वाचलेला नव्हता, असे त्यांनी सांगितले आहे. लाओ त्सू मात्र त्यांच्या जुन्या परिचयाचा. मुद्दा असा की, जे उत्तर गेडला मिळायला शेवटचे प्रकरण उजाडावे लागते, ते मुलाला पहिल्या तासाला देऊन उरलेला समुद्र कशासाठी ओलांडायचा?

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासिकेने १९३८ पासून वाचनाविषयी जे मांडले, ते इथे उपयोगी पडते. काही वाचन काहीतरी उचलून नेण्यासाठी असते, काही त्या वेळी जगण्यासाठी. मुलाने विषारी औषध प्यायल्यावर आई बाटलीवरचा मजकूर वाचते ते पहिल्या प्रकारचे. तिला शब्दांचा नाद ऐकायला सवड नसते. आपले वर्ग कादंबरीसुद्धा त्या बाटलीसारखी वाचायला लावतात.

म्हणून आम्ही सावलीचा अर्थ विचारलाच नाही. विचारले फक्त हे : तिला नाव आहे का? यावर पुस्तकातली माणसे एकमेकांशी सहमत नाहीत. रोकचा महागुरू म्हणतो, नाही. ओगिऑन म्हणतो, प्रत्येक वस्तूला असते. पेंडॉरचा ड्रॅगन ते नाव सांगण्याचा सौदा करू पाहतो. ओस्किलच्या किल्ल्यात एक बाई म्हणते, आमच्या शिळेला ते ठाऊक आहे. भिंतीवर कागद लावून आम्ही साक्षी नोंदवत गेलो : कोण काय म्हणाले, त्याला कसे माहीत, खोटे बोलण्यात त्याचा फायदा आहे का. ओस्किलच्या बर्फात सावलीने व्यापलेला माणूस गेडला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो, ही साक्ष मीच नोंदवायला विसरले होते. एका मुलीने पान उलटे नेऊन ती दाखवली आणि विचारले, "बाई, हे तिला कोणी सांगितले?"

शेवटच्या प्रकरणाआधी प्रत्येकाने सावलीचे नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातले. भीती, मरण, जॅस्पर, 'नाव नाही', अशा चिठ्ठ्या होत्या. त्या मुलीची मी मुद्दाम शेवटी उघडायची ठरवली. मग वाचले. पाण्याची वाळू होते, गेड होडीतून उतरून चालू लागतो, आणि दोघे एकाच वेळी एकच नाव उच्चारतात. ते प्रकरण मोठ्याने वाचायला जवळजवळ पूर्ण तास लागतो. त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये.

पाकीट पुढच्या शनिवारी उघडले. त्या मुलीच्या चिठ्ठीवर गेडचे नाव नव्हते. तिने स्वतःचे लिहिले होते, आणि ती चिठ्ठी मी वाचून न दाखवता तिला परत दिली.