शिकाऊ डॉक्टर

मोठ्या दवाखान्यात कॉटभोवती पाच-सात कोवळी पोरं-पोरी वह्या घेऊन उभी राहिली की आपल्याला कसंतरीच होतं. गावाहून आमच्या वडाळ्याच्या घरी आलेल्या आत्याबाई पोटदुखीसाठी परळच्या केईएममध्ये दाखल झाल्या, तर हटूनच बसल्या. "ही पोरं माझ्यावर शिकणार होय?"

आता शिकायचं तरी कुठे? केईएमला जोडलेलं शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ सालचं. देणगीदारांची अटच होती, शिकवणारे भारतीय हवेत! साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप; पण पोटातली गाठ काही पुस्तकात हाताला लागत नाही.

अर्थात आपल्यालाही "नको" म्हणता येतं बरं का. पुरुष डॉक्टर तपासताना जवळ एखादी बाई असावी, हा आपला हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८च्या सनदेत आहे. संकोच न करता मागावा.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं पडदा ओढला, तळवे चोळून गरम केले नि विचारलं, "मावशी, तपासू का?" आत्याबाई विरघळल्या.

घरी निघताना त्याच तिला विचारत होत्या, "माझं पोट नीट समजलं का गं तुला?"