स्टार्टरमधील विद्युत्‌चुंबक

दौंडसारख्या ऊसकरी तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावरील भांडगावी, विद्युत्‌चुंबक पाहावयाचा असेल तर प्रयोगशाळा शोधण्याचे कारण नाही. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरमध्ये, ज्यास शेतकरी ‘नो व्होल्ट कॉइल’ म्हणतात त्या तारेच्या वेटोळ्यात, तो बसलेलाच असतो. हिरवे बटण दाबताच वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागतो, गाभ्याच्या लोखंडास चुंबकत्व प्राप्त होते, आणि समोरची लोखंडी पट्टी ओढून घेऊन तो मोटारीची जोडणी धरून ठेवतो. वीज जाताच हा अंमल संपतो आणि स्प्रिंग पट्टीस मागे लोटते.

प्रवाह वाढला म्हणजे ही ओढ किती वाढते, हा प्रश्न जुना आहे. 1825 मध्ये विल्यम स्टर्जन या इंग्रज संशोधकाने सुमारे 200 ग्रॅम वजनाच्या नालाकृती लोखंडावर तार गुंडाळून त्याच्याकरवी सुमारे 4 किलोग्रॅम भार उचलविला. पुढे जेम्स जूल याने मोजमाप करून दाखविले, की ही ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट केल्यास ती चौपट होते, परंतु एका मर्यादेनंतर लोखंड संपृक्त होते आणि मग प्रवाह कितीही चढविला तरी तार तापते, बळ मात्र फारसे वाढत नाही.

याचा पडताळा शाळेतील विद्यार्थ्यानेही अवश्य घ्यावा. लोखंडी खिळ्यावर वार्निश चढविलेली तांब्याची तार गुंडाळावी, आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवून केवळ प्रवाह बदलीत जावा व प्रत्येक वेळी खिळ्यास किती टाचण्या चिकटतात ते मोजावे. कारण वेढेही बदलले तर फळाचे श्रेय कोणास द्यावे, याचा निवाडा होत नाही. प्रवाह अँमीटरवर वाचावा, सेलची संख्या मोजून स्वस्थ बसू नये. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाह नकळत घटतो, म्हणून प्रत्येक वाचन अल्पावधीतच उरकावे. प्रवाह चढविताना घेतलेली नोंद उतरवितानाही घ्यावी. त्याच प्रवाहास या वेळी टाचण्या काहीशा अधिक चिकटलेल्या आढळतात, कारण पूर्वीचे चुंबकत्व लोखंड संपूर्णपणे सोडून देत नाही. माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत मोलाचा धडा हाच होय, आणि घाईत उरकलेल्या प्रयोगात नेमका तोच निसटतो.

आता पुन्हा विहिरीकडे वळू. एकाच डीपीवरील, म्हणजे रोहित्रावरील, अनेक मोटारी एकदम सुरू झाल्या म्हणजे विजेचा दाब उतरतो. तो तीन दशांशाने घटला तर वर्गाच्या नियमाने ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. मग पट्टी पुरती मिटत नाही, स्टार्टर घरघरतो; आणि फट उघडी राहिल्यामुळे वेटोळ्याचा प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा विरोध कमी पडून त्यातून नेहमीपेक्षा अधिक प्रवाह वाहतो व कॉइल जळते. अशा वेळी बटणास काडीची पाचर मारून किंवा पट्टी तारेने बांधून मोटार चालू ठेवण्याची तजवीज कित्येक ठिकाणी केली जाते. परंतु त्यायोगे कमी दाबावर मोटारीच्या वेटोळ्यास इजा होते, आणि गेलेली वीज परत येताच, कोणी दुरुस्तीसाठी हात घातलेला असला तरी, मोटार आपोआप सुरू होते. म्हणून शेतकरी बंधूंना आग्रहाची विनंती, की स्टार्टर पकडीत नसेल तर पाचर न मारता आधी दाब तपासावा.